हीटसिंक गार लागत होता

"तेवीस," संघमित्रा म्हणाली.

स्क्रीनवरचे आकडे थांबले होते. माउसचा बाण हलत नव्हता. मी कीबोर्डवरचं नम लॉकचं बटण दाबून पाहिलं. त्याचा हिरवा दिवा विझला नाही. कॉम्प्युटर अडकला की आम्ही मेकॅनिक लोक सगळ्यात आधी हा दिवा बघतो. तो दाद देत नसेल तर आत सगळंच ठप्प झालेलं असतं. संघमित्रानं हातातलं घड्याळ टेबलावर ठेवलं आणि वहीत लिहिलं, "शुक्रवार, सकाळी नऊ पन्नास, तेवीस मिनिटं." वर अशाच तेरा ओळी होत्या. पंचवीस, बावीस, अठ्ठावीस, चोवीस. एकदाच एकतीस, तेही पहाटेच्या गारव्यात.

ते मशीन मी जोडलेलं होतं. पंधरा दिवसांत त्याच्यासाठी सांगलीहून साताऱ्याला येण्याची माझी ही तिसरी खेप.

घर कांबळे गुरुजींचं. गुरुजी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. संघमित्रा त्यांची एकुलती एक मुलगी, कराडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. दुसऱ्या दिवशी, शनिवारी दहा वाजता, तिच्या प्रोजेक्टची तोंडी परीक्षा होती. बाहेरचे परीक्षक येणार होते आणि त्यांच्यापुढे निकालाचं टेबल छापून ठेवायचं होतं. टेबल नाही तर प्रोजेक्ट नाही, आणि प्रोजेक्ट नाही तर वर्ष गेलं. पुण्यातल्या एका कंपनीनं तिला निवडलं होतं, पण याच वर्षी पास होण्याच्या अटीवर.

तिचा विषय होता गुरुजींच्या मूळ गावची नळयोजना. गाव माण तालुक्यातलं, वस्त्या लांब लांब. टाकीतून पाणी सोडलं तर कुठल्या वस्तीला किती दाबानं पोचेल, याचा हिशेब करणारा प्रोग्रॅम तिनं स्वतः लिहिला होता. एका नळाचा दाब बदलला की बाकी सगळ्या नळांचे बदलतात, म्हणून तेच गणित हजारो वेळा फिरून करावं लागतं. या मशीनवर त्याला सलग चार तास लागणार होते. कॉलेजच्या लॅबमधली मशीन जुनी, आणि एकेकाला तासाभराच्या वर मिळायची नाहीत. मध्ये थांबलं की गणित पुन्हा पहिल्यापासून.

आणि माझं मशीन तेवीस मिनिटांत मान टाकत होतं.

"ताई, आज होईल ना?" तिनं विचारलं. हा प्रश्न ती मला तिसऱ्यांदा विचारत होती. पहिल्या दोन्ही वेळा मी "हो, काळजी करू नको" असं सांगून गेले होते. या वेळी मी पर्समधून स्क्रू ड्रायव्हर काढला.

माझ्याबद्दल थोडं सांगते. मी माधवनगरची. माझे वडील, आप्पा, तिथं रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करायचे. गिरणी कामगारांच्या चाळीतला असा एक ट्रान्झिस्टर नसेल जो आप्पांच्या टेबलावर येऊन गेला नाही. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि त्याच दुकानाच्या अर्ध्या काउंटरवर कॉम्प्युटर असेंबल करायला लागले. असेंबल म्हणजे मुंबईहून सुटे पार्ट आणायचे आणि कॅबिनेटच्या पत्र्याच्या पेटीत बसवायचे. कंपनीच्या तयार मशीनपेक्षा ते बरंच परवडायचं. नव्वदच्या दशकात आमच्या भागात हे काम करणाऱ्या बाया नव्हत्या. दुकानात येणारा पहिल्यांदा आप्पांकडे बघायचा आणि विचारायचा, "इंजिनियर कुठं गेल्यात?" आप्पा हातातली कैची न थांबवता माझ्याकडं बोट दाखवायचे. गिऱ्हाईकाचा चेहरा पडायचा. तो पडलेला चेहरा उचलून ठेवायला मला दर वेळी नव्यानं काम करून दाखवावं लागायचं. त्यामुळं चूक होण्याची मला फार धास्ती असे, आणि झालेली कबूल करण्याची त्याहून जास्त.

आता आधीच्या दोन खेपांत मी काय काय केलं ते सांगते, कारण त्यातच सगळी गंमत आहे. त्या वेळी ती गंमत वाटत नव्हती.

पहिल्या खेपेला मी खिडकीतून बाहेर पाहिलं आणि तिथल्या तिथं निदान केलं. गुरुजींच्या भिंतीला भिंत लावून इस्माईलभाईंची पिठाची गिरणी आहे. गिरणीची मोटार सुरू झाली की गुरुजींच्या घरातला बल्ब क्षणभर लाल व्हायचा. मी म्हणाले, "गुरुजी, व्होल्टेज पडतंय. कॉम्प्युटरला हे सोसत नाही." स्टॅबिलायझर बसवून दिला आणि निघाले. माझं हे वाक्य गुरुजींनी जाऊन इस्माईलभाईंना ऐकवलं. वीस वर्षांचा शेजार. शब्दानं शब्द वाढला. गुरुजींनी वायरमनकडं तक्रार केली, आणि त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. गुरुजींच्या घरचं दळण चार गल्ल्या लांबच्या गिरणीत जायला लागलं.

मशीन थांबायचं थांबलं नाही. दुसऱ्या खेपेला मी पॉवर सप्लाय बदलला, मेमरीच्या पट्ट्या बदलल्या, आणि शेवटी मशीनच सांगलीला घेऊन आले. दुकानात ते दोन दिवस सुरळीत चाललं. मी त्यावर टायपिंग करून पाहिलं, एक गेम लावून ठेवला. कॅबिनेटचं झाकण उघडं, डोक्यावर पंखा. संघमित्राचा प्रोग्रॅम लावून पाहावा हे मला सुचलं नाही. खरं सांगायचं तर मशीन चालतंय हे बघून मला इतकं हायसं वाटलं की आणखी खोलात शिरायची इच्छाच झाली नाही. मी ते एसटीनं परत पाठवून दिलं.

मशीन तापतंय का, ही शंका मला आली नव्हती असं नाही. प्रोसेसर म्हणजे गणित करणारी चौकोनी वडी, तळहाताच्या खळग्यात मावेल एवढी. ती काम करताना तापते. तिच्या डोक्यावर ॲल्युमिनियमचा दातेरी ठोकळा बसवतात, त्याला हीटसिंक म्हणतात. वडीतली उष्णता ठोकळ्यात चढते आणि ठोकळ्यावरचा छोटा पंखा ती उडवून लावतो. आतलं तापमान स्क्रीनवर बघायची सोय आमच्या मशीनमध्ये नव्हती. आमचा थर्मामीटर म्हणजे बोट. मी दर खेपेला हीटसिंकला बोट लावून पाहिलं होतं आणि दर खेपेला तो जेमतेम कोमट लागला होता. पंखाही गरगर फिरत होता. म्हणून मी ठरवून टाकलं की तापण्याचा प्रश्न नाही. यादीतून तो खोडला तो खोडलाच.

तर शुक्रवार, नऊ पन्नास. मी मशीन बंद केलं, झाकण काढलं. हीटसिंकला बोट लावलं. कोमट.

"तापत नाहीये," मी म्हणाले.

"मग काय होतंय?" गुरुजी दारात उभे होते. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"मेमरीची जागा बदलून बघते."

हे मी आधीही केलं होतं. काहीतरी करताना दिसावं म्हणून पुन्हा करत होते. मेमरीची पट्टी उपसताना करंगळी घसरली आणि प्रोसेसरच्या कडेला टेकली. हीटसिंकच्या खालून ती कड दोऱ्याएवढी बाहेर असते.

मी ओरडले. मशीन बंद करून दोन मिनिटं झाली होती, तरी करंगळीला चर्र झालं.

गुरुजींच्या बायको, म्हणजे काकू, आतून धावत आल्या. "आगं काय झालं? करंट बसला का काय?"

"नाही काकू, भाजलं."

"भाजलं? आवं, त्या पेटीत चूल हाय व्हय?" त्यांनी मला मोरीवर नेलं आणि करंगळीवर तांब्यानं गार पाणी धरलं. पाणी पडत होतं आणि मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होते. वडी भाजतेय आणि ठोकळा गार. ठोकळा गार कसा?

उत्तर काकूंच्याच खांद्यावर होतं. त्या चहाचं पातेलं दुमडलेल्या फडक्यानं धरून उतरवता उतरवताच धावत आल्या होत्या आणि ते फडकं अजून त्यांच्या खांद्यावर होतं. फडक्याच्या बाहेरून हात लावून पातेलं किती तापलंय ते कळत नाही. माझं बोट पंधरा दिवस फडक्याला लागत होतं. ठोकळा गार होता, कारण उष्णता त्याच्यापर्यंत पोचतच नव्हती. मधे काहीतरी होतं.

मी परत गेले, हीटसिंकची क्लिप काढली आणि ठोकळा उचलला. खाली होता तो अभ्रक. पारदर्शक, चौकोनी, कडा नीट कापलेल्या. माझ्याच कैचीनं मी तो कापला होता.

पहिल्या क्षणी मला त्यात काही चूक दिसली नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. मनात आलं, अभ्रक तर जागेवर आहे. आणि मग भाजलेल्या करंगळीकडं लक्ष गेलं.

आता हे समजायला आप्पांच्या टेबलाशी जावं लागेल. ॲम्प्लिफायरमध्ये मोठे पॉवर ट्रान्झिस्टर असतात. त्यांच्या अंगातून करंट वाहतो आणि ते तापतात, म्हणून त्यांनाही हीटसिंकवर बसवतात. पण थेट बसवले तर करंट पत्र्यात उतरतो आणि सगळं जळतं. म्हणून मधे अभ्रकाची पातळ चकती घालतात. बाजारात तिला मायका म्हणतात. फार वर्षांपूर्वी एका जत्रेत आप्पांचा ॲम्प्लिफायर भर गर्दीत धूर सोडून बसला, कारण घाईत ते मायका विसरले होते. लोकांनी स्टेजवर चढून त्यांना नाही नाही ते ऐकवलं. तेव्हापासून दुकानात एकच नियम होता. मायका घातल्याशिवाय हीटसिंक बसवायचा नाही. मी दहा वर्षांची असल्यापासून जुन्या इस्त्र्यांमधून अभ्रक काढून कैचीनं चकत्या कापत आले. चकतीला दोन्ही बाजूंनी पांढरी पेस्ट लावायची, म्हणजे फटीतली हवा जाते आणि उष्णता पलीकडे पोचते. आमच्याकडची पेस्टची डबी त्या महिन्यात संपली होती. मी म्हटलं, चालेल. इस्त्रीचा जाड अभ्रक, तोही कोरडा, प्रोसेसरच्या मापाचा कापला आणि घातला. हातानं परस्पर केलं, डोक्याला विचारलंच नाही. आधीच्या जुन्या, मंद प्रोसेसरना तेवढं चालून गेलं होतं. हा नवा, दुपटीनं वेगाचा. त्याला गोधडी पांघरून पळायला लावल्यासारखं झालं.

म्हणजे अभ्रक काढायचा. पण काढला आणि आप्पांचा नियम खरा निघाला तर? करंट ठोकळ्यात उतरून प्रोसेसर गेला, तर नवा मुंबईहून यायला तीन दिवस. परीक्षा उद्या. माझ्याकडं कसलंही पुस्तक नव्हतं, विचारायला दुसरं कुणी नव्हतं. मी अभ्रक पर्समध्ये टाकला आणि म्हणाले, "एक फोन करून आणि एक सामान घेऊन येते."

कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून दुकानात फोन लावला.

"आप्पा, मायका काढते."

"कशाचा?"

"कॉम्प्युटरचा. प्रोसेसरवरचा."

पलीकडे रेडिओची खरखर ऐकू येत होती. ती बंद झाली. "मायका काढतीस? आगं शॉर्ट व्हईल की! जत्रेतलं सांगितलंय न्हवं तुला?"

"त्याच्यामुळंच तापतंय आप्पा. माझं बोट भाजलंय."

"मीटर लावलास का?"

नव्हता लावला. भीतीच्या भरात मीटर पर्समध्येच राहिला होता.

"मग मला कशाला इचारतीस?" आप्पा म्हणाले. "वडीच्या टाळूवर एक काडी धर, पत्र्याला दुसरी. वाजला तर मायका ठेव. न्हाई वाजला तर मी चुकलो म्हनून समज." आणि जरा थांबून, "पर नीट बघ गं बाई. दोनदा बघ."

राजवाड्याजवळ एका टीव्ही मेकॅनिकनं मला बाटलीच्या झाकणात नखभर पेस्ट दिली. "बाई, कशाला पायजे?" त्यानं विचारलं. मी "टीव्हीला" म्हणाले आणि निघाले. खोटं बोलायला त्या दिवशी अशी सुरुवात झाली.

घरी येऊन मीटर लावला. मीटरच्या दोन काड्यांमध्ये करंटला वाट असली की तो पीं करून वाजतो. वडीच्या डोक्यावर एक काडी, कॅबिनेटच्या पत्र्यावर दुसरी. वाजला नाही. दोन्ही काड्या एकमेकींना लावून पाहिल्या, तेव्हा वाजला, म्हणजे मीटर ठीक होता. पुन्हा वडीवर. वाजला नाही. मी पाच वेळा केलं. या वडीचं अंग चिनीमातीच्या जातीचं असतं, त्यातून करंट बाहेर येत नाही. ज्याच्यापासून वाचवायला मी अभ्रक घातला होता, ते संकट तिथं नव्हतंच.

पेस्टचा पातळ हात फिरवला, ठोकळा बसवला, क्लिप लावली.

"काय सापडलं?" गुरुजींनी विचारलं.

"कॉन्टॅक्ट नीट बसत नव्हता," मी म्हणाले.

पावणेबाराला संघमित्रानं प्रोग्रॅम सुरू केला आणि घड्याळ हातात घेतलं. मी हीटसिंकला बोट लावून बसले. पाच मिनिटांत तो गरम झाला. दहा मिनिटांत चांगला गरम. माझ्या आयुष्यात गरम लोखंड, गरम तवा, काहीही हाताला इतकं बरं लागलं नसेल.

"वीस," ती म्हणाली. "एकवीस."

काकू भाकरी थापायच्या थांबल्या होत्या.

"तेवीस. चोवीस."

आकडे धावत होते. पंचवीस झाली. तीस झाली. बत्तिसाव्या मिनिटाला संघमित्रानं घड्याळ पालथं ठेवलं आणि वहीत काहीच लिहिलं नाही.

पण चार तास व्हायचे होते. भिंतीपलीकडं गिरणी धडधडत होती. मोटार दम खायची, बल्ब लाल व्हायचा, स्टॅबिलायझर टक् करायचा आणि माझं काळीज त्याच्याबरोबर. लाइटच गेली तर काय? गिरणी बंद ठेवायला सांगावं असं मला वाटत होतं, पण सांगणार कोण? गुरुजींचं आणि इस्माईलभाईंचं बोलणं मीच बंद पाडलं होतं.

सव्वा वाजता गिरणी एकाएकी बंद झाली. सगळी गल्ली चिडीचूप. गिरणी बंद म्हणजे लाइट गेली, हे साताऱ्यात लहान मुलालाही कळतं. संघमित्रा खुर्चीवरून उठली. मी डोळे मिटले. उघडायची हिंमत होईना.

"आवं बसा," काकू आतून म्हणाल्या. "शुक्रवार हाय. इस्माईलभाई नमाजाला गेल्यात."

डोळे उघडले. आकडे धावत होते. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं.

काकूंनी जेवायला वाढलं. मी स्क्रीनकडं तोंड करून जेवले. दोनला गिरणी पुन्हा सुरू झाली, बल्ब पुन्हा लाल व्हायला लागला आणि मशीन चालत राहिलं. अडीच वाजले, तीन वाजले. मी मधूनमधून गुरुजींकडं बघत होते. ते स्क्रीनकडं बघतच नव्हते. ते बल्बकडं बघत होते.

तीन सत्तेचाळीसला प्रोग्रॅम संपला. प्रिंटर करकरायला लागला. दोन पानांचं टेबल आलं, वस्तीनिहाय पाण्याचा दाब. गुरुजींनी चष्मा लावला आणि सगळ्यात खालची ओळ आधी वाचली. टाकीपासून सगळ्यात लांबची वस्ती. ती त्यांची.

"पोचतंय," ते म्हणाले. "कमी दाबानं. पर पोचतंय."

"हो बाबा. पाइप अर्धा इंच मोठा घेतला तर जास्त," संघमित्रा म्हणाली आणि तिनं बापाच्या खांद्यावर डोकं टेकलं. मी पिन, स्क्रू ड्रायव्हर, मीटर असं गोळा करत राहिले. माझी पाचची एसटी होती. आता गुपचूप निघायचं, एवढंच डोक्यात होतं.

गुरुजींनी पायात चपला घातल्या.

"कुठं निघालात?" काकूंनी विचारलं.

"इस्माईलकडं." गुरुजी माझ्याकडं वळले. "दुपारभर मोटार चालू होती सुनंदाताई. बल्ब डोळे मिचकावत होता आणि मशीन चालत होतं. म्हणजे त्याच्या गिरणीचा दोष नव्हता. मी त्याला नको नको ते बोललो. माझी समजूत चुकली, असं सांगून येतो."

माझी समजूत, असं ते म्हणाले. समजूत माझी होती. त्यांना मी करून दिली होती.

आता मी गप्प बसले असते तर कुणालाही कळलं नसतं. कॉन्टॅक्टवर सगळ्यांनी विश्वास ठेवला होता. बाई असून काम चोख केलं, असंही दोनचार जणांना सांगितलं गेलं असतं. मी पर्स उघडली, अभ्रक काढला आणि टेबलावर ठेवला.

"गुरुजी, कॉन्टॅक्ट नव्हता. हे होतं. मीच घातलं होतं. नको तिथं घातलं होतं." आणि सगळं सांगितलं. ॲम्प्लिफायर, जत्रा, इस्त्री, सगळं. बोलताना कान तापले होते.

गुरुजींनी तो चौकोन उचलून उजेडात धरला. "हे?" म्हणाले. "एवढंसं?" मग तो माझ्या तळहातावर परत ठेवला. "ताई, मी तेरा दिवस झोपले नाही," संघमित्रा एवढंच म्हणाली. रागावून नाही म्हणाली. मला ते आजही ऐकू येतं.

"चला," गुरुजी म्हणाले. "त्याला तुमीच सांगा."

इस्माईलभाई पिठानं पांढरे होऊन जात्याशी उभे होते. गुरुजींना बघून त्यांनी पट्टा उतरवला. गुरुजींनी हात जोडले आणि म्हणाले, "इस्माईल, माझं चुकलं." मी पुढं होऊन अभ्रक दाखवला आणि पुन्हा सगळं सांगितलं. त्यांनी तो बोटांत फिरवला.

"ह्यो तर आमच्या इस्तरीतला हाय की," ते म्हणाले. "आन् म्या पंधरा दिस वायरमनच्या मागं पळतोय. मोटार सोडून तपासली, दोनदा!" मग गुरुजींकडं बघून, "गुर्जी, दळान कुठं टाकता सध्या? लय जाडं दळतोय त्यो. वैनींच्या भाकरी बगून कळतंय मला."

गुरुजी हसले. मी पहिल्यांदाच त्यांना हसताना पाहिलं. पाचची एसटी चुकली नाही.

संघमित्रा पास झाली आणि पुण्याला गेली. नळयोजनेचं पुढं काय झालं ते मला माहीत नाही.

मला मात्र पुढचं काम होतं. तोवर मी अकरा मशीन जोडली होती आणि अकराच्या अकरांत अभ्रक होता. बाकीची जुनी, मंद होती म्हणून चालत होती. उन्हाळा तोंडावर आला होता. मी यादी केली आणि सांगली, मिरज, विटा असं करत एकेका गिऱ्हाईकाकडं जाऊन म्हणाले, "मी आत एक चूक करून ठेवलीय, ती काढायला आलेय." दोघांनी मशीन परत घ्या म्हणून सांगितलं. एकानं "तुमचे वडील नाहीत का आले?" असं विचारलं. बाकीच्यांनी चहा दिला. सगळे अभ्रक मी आप्पांपुढं ठेवले. आप्पांनी ते मोजले नाहीत, नुसते बघितले.

"म्या कवा म्हनलो गं, काँप्युटरला घाल म्हनून?" ते म्हणाले.

"नाही म्हणालात."

"मग?" त्यांनी ते सगळे उचलून मायकाच्या डब्यात टाकले आणि ॲम्प्लिफायर पुढं ओढला. थोड्या वेळानं कैची चालवता चालवता पुटपुटले, "मीटर पाच वेळा लावलास म्हनं. ब्येस केलंस."

तेव्हापासून बिघडलेल्या मशीनपुढं बसले की मी पहिल्यांदा माझ्याच हातानं बसवलेली गोष्ट काढून बघते. शेजारची गिरणी सगळ्यात शेवटी.

तीन वर्षांनी इस्माईलभाई दुकानात आले. थोरल्या मुलासाठी कॉम्प्युटर पाहिजे होता. आप्पांकडं बघितलंसुद्धा नाही, थेट माझ्यापुढच्या स्टुलावर बसले. मी कागदावर पार्टची यादी लिहून दिली. त्यांनी ती खालपर्यंत वाचली आणि परत माझ्यापुढं सरकवली.

"बाई, आत काय काय घातलंय ते लिवलंसा. आता काय घातलं न्हाई, ते बी लिवा."

मी लिहिलं.